सांत्वन शिकवता येते काय?

घोडेगाव सोडून डिंभे धरणाच्या जलाशयाला वळसा घालीत आहुप्याकडे जाणारा रस्ता ज्यांनी पावसाळ्यात पाहिला आहे, त्यांना सह्याद्रीच्या रूपाविषयी वेगळे सांगण्याची गरज नाही. आहुपे हे आंबेगाव तालुक्याचे पश्चिमेकडील टोक. गावापलीकडे कडा एकदम तुटतो आणि खाली ठाणे जिल्ह्यातील मुरबाडचा मुलूख पसरलेला दिसतो. वस्ती प्रामुख्याने महादेव कोळी समाजाची. भाताची खाचरे, हिरड्याची झाडे, जुनी देवराई. आमच्या धर्मग्रामातील काही मंडळींसमवेत आम्ही एका पावसाळ्यात तेथे गेलो होतो. हेतू निव्वळ सहलीचा होता. परंतु त्याच वाटेवर माळीणचा फाटा लागतो, आणि तेथे पोहोचताच गाडीतली गाणी कोणी न सांगता थांबली.

३० जुलै २०१४ च्या सकाळी माळीणवरचा डोंगर पावसाने सुटून खाली आला आणि गाव त्याखाली गेले. १५१ माणसे दगावली. ही गोष्ट प्रथम बाहेर कळली ती एस.टी.च्या एका चालकामुळे. गाडी घेऊन जाताना त्याने पाहिले, तो जेथे गाव असावयाचे तेथे चिखलमातीचा ढीग होता. त्याने ती खबर पुढे पोहोचविली. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे जवान येईपर्यंत, यंत्रे त्या अरुंद रस्त्याने वर चढेपर्यंत बराच वेळ गेला. तोवर शेजारच्या गावांतील आणि वाड्यांतील माणसे मिळेल ते अवजार घेऊन माती उपसू लागली होती. त्यांतील कित्येकांचे सोयरे त्याच मातीखाली होते. पुढे आठवडाभर शोध चालला. एक तान्हे बाळ आणि त्याची आई जिवंत निघाली, हे आपण सर्वांनी वर्तमानपत्रांतून वाचले. त्यानंतर जे निघत गेले, ते पाहावयास काठावर नातेवाईक उभे होते. कामाधंद्यासाठी बाहेरगावी राहत होते, म्हणून ते वाचले होते.

त्या काठाविषयी आम्हांला लिहावयाचे आहे. ढिगाऱ्यात उतरून काय करावे, याचे आता चांगले शास्त्र झाले आहे. दोर कसा बांधावा, जखमी माणसाची मान कशी धरावी, मातीचा कोणता भाग पुन्हा घसरेल, हे सारे शिकविले जाते. परंतु काठावर उभ्या असलेल्या आणि प्रत्येक स्ट्रेचरमागे धावणाऱ्या माणसाशी काय बोलावे, हे शिकविले जाते काय? आणि शिकवावे काय?

हा दुसरा प्रश्न आमचा नव्हे. सहलीहून परतल्यावर काही महिन्यांनी आमच्याकडे तरुणांसाठी आपत्ती-प्रशिक्षणाचा वर्ग भरवावयाचे ठरत होते. त्यातील अर्धा दिवस शोकाकुलांशी कसे वागावे यासाठी राखून ठेवावा, अशी सूचना आली. त्यावर एका ज्येष्ठ गृहस्थांनी उठून विचारले, "सांत्वन हे काय शिकवायचे असते? ते मनातून यावे लागते. शिकविलेले सांत्वन म्हणजे नाटक." सभेत बऱ्याच माना डोलल्या. आक्षेप वरवरचा नव्हता. प्रेमाचा उगम अंतःकरणात असतो, हे लहानपणापासून ऐकत आलेल्या आपल्यासारख्यांना तो पटणे स्वाभाविकच होते. आमचीही मान डोलली असती. परंतु त्या क्षणी आम्हांला एक जुनी दुपार आठवली, आणि आम्ही गप्प राहिलो.

ही गोष्ट घरोघरी फोन आले नव्हते त्या काळातली. आमच्या आळीतील एक विधवा बाई, आम्ही त्यांना मावशी म्हणत असू. त्यांचा एकुलता एक मुलगा कॉलेजातून परतताना लोकलमधून पडला. निरोपाचा फोन आमच्या घरी आला. मुलगा जागीच संपला होता, हे फोनवरच कळले होते. मावशींना घेऊन इस्पितळात या, असे सांगण्यात आले. आम्ही आणि आणखी एक शेजारी त्यांच्या दारात उभे राहिलो, आणि आमच्या तोंडून शब्द निघाले, "थोडे लागले आहे त्याला. इस्पितळात नेले आहे."

आम्ही हे दुष्टपणाने केले नाही. त्या बाईंवर आमचा जीव होता. पण पुढे काय झाले ते पाहावे. मावशींनी कपाट उघडून मुलाचा धुतलेला शर्ट घेतला. फिरकीच्या डब्यात पेज भरली. वाटेत रिक्षा थांबवून मोसंबी घेतली. "रात्री तेथे राहावे लागेल का हो?" असे त्यांनी विचारले, आणि आम्ही म्हणालो, "बघू या." इस्पितळाच्या मागच्या बाजूस, त्या दाराशी रेल्वे पोलिसांचा एक हवालदार उभा होता. त्याने एका दृष्टिक्षेपात सारे ओळखले असावे. डब्याकडेही त्याने पाहिले. त्याने मावशींना बाकावर बसविले, डोक्यावरची टोपी काढली, मुलाचे पूर्ण नाव उच्चारून "हा आपलाच मुलगा ना?" असे विचारले, आणि मग म्हणाला, "मावशी, त्याचा मृत्यू झाला आहे. गाडीतून पडला, आणि जागीच." एवढे बोलून तो तेथून हलला नाही. मावशींनी त्याच्याकडे पाहिले नाही. त्यांनी वळून आमच्याकडे पाहिले. "तुम्हांला ठाऊक होते?" त्या म्हणाल्या.

नीतिशास्त्रात हा प्रश्न फार जुना आहे. 'असत्याविरुद्ध' या आपल्या ग्रंथात, सुमारे इ. स. ४२० मध्ये, संत ऑगस्टिन यांनी नेमका हाच पेच मांडला आहे. एक मनुष्य मरणाच्या दारी आजारी आहे. त्याचा लाडका एकुलता मुलगा मरण पावला आहे, आणि ते कळले तर हा आघात त्याला सोसणार नाही. तो विचारतो, माझा मुलगा जिवंत आहे ना? काय उत्तर द्यावे? ऑगस्टिन खोटे बोलण्यास कधीच अनुमती देत नाहीत. येथेही देत नाहीत. परंतु या उदाहरणाशी येऊन ते थबकतात आणि माणुसकीच्या ओढीने आपण व्याकुळ होतो, अशी स्पष्ट कबुली देतात. त्यांचा स्वतःचा मुलगा अदेओदातुस कोवळ्या वयात वारला होता, हे ध्यानात ठेवून तो भाग वाचावा. आम्ही स्वतः ऑगस्टिन यांच्याइतके कठोर नाही. खरोखरच मरणशय्येवर असलेल्या माणसाला कोणी सत्य सांगितले नाही, तर आम्ही त्याला बोल लावणार नाही. मात्र मावशी मरणशय्येवर नव्हत्या. त्या धडधाकट होत्या, आणि तासाभरात त्यांना सत्य कळणारच होते. मग ते खोटे कोणासाठी होते? आमच्या दारातल्या त्या दोन मिनिटांसाठी होते. त्यांचा टाहो आम्हांला ऐकावयाचा नव्हता.

वर्षाच्या मिस्सेनंतर मावशी एकदाच त्या दिवसाविषयी बोलल्या. "त्या सगळ्या वाटेत मी देवाजवळ मागत होते, त्याच्या पायाचे हाड मोडलेले नसू दे," त्या म्हणाल्या. "त्या तासात मी त्याच्यासाठी दुसरे काही मागायला हवे होते." यावर बोलण्यासारखे आमच्यापाशी काही नव्हते. त्यांच्या मुलाच्या आत्म्यासाठी करावयाची पहिली प्रार्थना आम्ही एक तासभर अडवून ठेवली होती.

म्हणूनच "सांत्वन मनातून यावे" हे वाक्य ऐकले की आम्हांला भीती वाटते. आमचे मनातूनच आले होते.

आता त्या हवालदाराच्या वागण्याकडे वळू. तो कोठे शिकला, की त्याचा तो स्वभावच होता, हे आम्हांला माहीत नाही. पण त्याने जे केले, तेच आज जगभर पोलिसांना, अग्निशामक जवानांना आणि रुग्णवाहिकेवरील कर्मचाऱ्यांना शिकविले जाते: समोर जाऊन सांगावे, बसवून सांगावे, माणूस तोच आहे याची खात्री करून सांगावे, मृताचे नाव घ्यावे, मृत्यू हा शब्द टाळू नये, आणि सांगून झाल्यावर पळ काढू नये. पहिल्यांदा वाचताना हे नियम रूक्ष वाटतात. पण आपल्या भाषेच्या संदर्भात त्यांचा विचार केला की त्यांची किंमत कळते.

मराठीने मृत्यूवर किती पडदे घातले आहेत! माणूस जातो, वारतो, निवर्ततो, दगावतो. कोणी कैलासवासी होतो, कोणी वैकुंठवासी. आपल्यात तो ख्रिस्तवासी होतो, प्रभूच्या घरी जातो. 'मेला' म्हणावे तर ती शिवी वाटते. जनावर मरते, माणूस जातो, असा आपला रिवाज. हे पडदे निरर्थक आहेत असे आम्ही म्हणणार नाही. पिढ्यान्‌पिढ्यांची अदब त्यांत आहे. परंतु चिखलाच्या काठावर उभी असलेली आई "माझा पोरगा?" असे विचारते, तेव्हा "गेला" या उत्तराचा अर्थ काय? कोठे गेला? घोडेगावच्या दवाखान्यात गेला? मंचरला नेला? आशेने कानकोंडे झालेले मन शब्दातली प्रत्येक फट शोधते. याच्या उलट दुसरे टोकही आहे. रुग्णालयात आणि पोलीस ठाण्यात हरघडी ऐकू येणारा 'बॉडी' हा शब्द. "बॉडी ओळखा, बॉडी ताब्यात घ्या." सकाळपर्यंत ज्याला नाव होते, त्याचे दुपारी नामांतर होते. एकीकडे धूसर आदर आणि दुसरीकडे उघडा व्यवहार, या दोहोंच्या मधून जाणारे एक साधे मराठी वाक्य शोधावे लागते, आणि ते वेळ येण्याआधी शोधून, चार वेळा मोठ्याने उच्चारून ठेवावे लागते. आयत्या वेळी ते सुचत नाही. आम्हांला सुचले नाही.

योहानलिखित शुभवर्तमानात बेथानीचा प्रसंग आहे. लाझरस झोपी गेला आहे, असे प्रभू येशू प्रथम सांगतो. शिष्यांना ते कळत नाही. झोप लागली असेल तर बरेच झाले, असे त्यांना वाटते. तेव्हा तो त्यांना उघड सांगतो की लाझरस मरण पावला आहे. हा तपशील आपण बहुधा भरभर वाचून पुढच्या चमत्काराकडे वळतो. पुढे कबरेपाशी येण्यापूर्वी तो रडतो, तेही काही क्षणांत काय घडणार हे ठाऊक असताना. आधी स्पष्ट शब्द, मग अश्रू. आणि दोन्ही बहिणींनी "आपण असता तर" अशी बोलणी ऐकविली, तरी तो त्यांना थोपवीत नाही.

ईयोबाच्या मित्रांची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे, आणि ती आम्हांला नेहमी आपलीच वाटत आली आहे. मित्राची मुले गेली, धन गेले, अंग फोडांनी भरले, हे ऐकून ते तिघे दूरदूरहून त्याच्या समाचाराला आले. सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर बसले आणि एक शब्द बोलले नाहीत. येथपर्यंत त्यांच्यासारखे मित्र कोणालाही मिळावेत. मग त्यांनी तोंड उघडले. देव न्यायी आहे, तेव्हा तुझे काही चुकले असेल. मुलांनी काही केले असेल. मराठीत 'समाचाराला जाणे' आणि 'समाचार घेणे' यांत केवढे अंतर आहे! समाचाराला आलेल्या त्या मित्रांनी ईयोबाचा समाचार घेतला. आणि शेवटी देवाचा कोप झाला तो ईयोबावर नव्हे, त्याच्या बाजूने बोलत आहोत असे समजणाऱ्या या मित्रांवर. आपल्याकडच्या मौतीच्या घरी ज्यांनी "देवाला आवडला तो", "तुमची परीक्षा आहे ही", "दुसरी मुले आहेत ना" ही वाक्ये ऐकली आहेत, किंवा स्वतः उच्चारली आहेत, त्यांना अधिक सांगावयास नको.

असे असले तरी त्या ज्येष्ठ गृहस्थांच्या आक्षेपात एक सत्यांश आहे, आणि तो इतिहासानेच सिद्ध केला आहे. शोकाचा आधुनिक अभ्यास एका आगीपासून सुरू झाला असे मानतात. २८ नोव्हेंबर १९४२ च्या रात्री अमेरिकेतील बोस्टन शहरात 'कोकोनट ग्रोव्ह' नावाच्या नाइट क्लबला आग लागून ४९२ माणसे मेली. वाचलेल्यांना आणि मृतांच्या नातेवाइकांना एरिक लिंडेमान हे मनोविकारतज्ज्ञ भेटत राहिले, आणि १९४४ साली त्यांनी तीव्र शोकावर एक निबंध प्रसिद्ध केला. दुःख लाटांसारखे येते, माणूस स्वतःलाच दोष देत राहतो, शोक हे एक काम आहे आणि ते ज्याचे त्यालाच करावे लागते, अशी त्यांची मांडणी होती. धर्मसंस्थांनी शोकाकुलांना आधार दिल्याचे ते मान्य करतात. पण नुसत्या दिलाशाने ते काम पुरे होत नाही, असेही बजावतात. आपल्या धर्मगुरूंनी आणि आपण सर्वांनी ते ऐकण्यासारखे आहे.

यानंतर शास्त्राचा उत्साह वाढला. जेफ्री मिचेल यांनी स्वतः अग्निशमन आणि रुग्णवाहिका सेवेत काम केले होते. त्यांनी १९८३ साली अशी पद्धत मांडली की भीषण प्रसंगानंतर थोड्याच दिवसांत सर्व जवानांना एकत्र बसवावे आणि प्रत्येकाने काय पाहिले, काय वाटले, ते क्रमाने बोलून मोकळे व्हावे. ती जगभर पसरली, आणि पुढे आपद्‌ग्रस्तांवरही तिचा प्रयोग होऊ लागला. मनात साठवू नये, बोलून टाकावे, हे कोणाला पटणार नाही? परंतु १९९७ साली वेल्समधील भाजलेल्या रुग्णांवरची एक पाहणी प्रसिद्ध झाली. ज्यांना असे बोलावयास लावले होते, त्यांच्यातील शेकडा २६ जणांना तेरा महिन्यांनंतरही आघाताचा मनोविकार होता. ज्यांना लावले नव्हते, त्यांच्यात हे प्रमाण शेकडा ९ होते. दोन्ही गटांच्या जखमा सुरुवातीस अगदी सारख्या नव्हत्या, हे येथे सांगितले पाहिजे. पण पुढे २००२ मध्ये अशा अनेक पाहण्या एकत्र तपासल्या गेल्या, तेव्हाही अशा एकाच बैठकीने उपयोग होत नाही, उलट काहींचे नुकसान होऊ शकते, असेच दिसले. जखम भरून येण्यापूर्वीच तिच्यावरची खपली काढली जात होती.

म्हणजे शिकविलेले सांत्वनही घातक ठरू शकते. मात्र या इतिहासाची आम्हांला आवडलेली बाजू अशी, की शास्त्राने आपली चूक मोजली, कबूल केली आणि आपला आवाज खाली आणला. जागतिक आरोग्य संघटनेने इतर संस्थांसह २०११ साली काढलेल्या मानसिक प्रथमोपचाराच्या पुस्तिकेत शिकविण्यासारखे फार थोडे उरले आहे: पाहा, ऐका, आणि माणसाला त्याच्या माणसांशी व मदतीशी जोडून द्या. बोलावयास भाग पाडू नका. पाळता येणार नाही असे वचन देऊ नका. ठाऊक नसलेले सांगू नका. पाणी द्या, पांघरूण द्या, लहान मुलांना आईबापांपासून दूर करू नका. आपल्या राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणानेही डिसेंबर २००९ मध्येच मनोसामाजिक आधाराविषयी मार्गदर्शक तत्त्वे काढली आहेत. ही तत्त्वे शेवटच्या गावापर्यंत पोहोचतात काय, हा वेगळा विषय आहे.

तेव्हा नाटकाच्या आक्षेपाला आमचे उत्तर असे. ज्याला नाटक म्हणता येईल, ते या शिक्षणात काढून टाकलेले आहे. गहिवर आणण्याचे शिक्षण कोणी देत नाही, आणि देऊही नये. येथे शिकवावयाचे असते ते आपल्या जिभेला, आपल्या घाईला आणि आपल्या भीतीला आवर घालणे. शिवाय पाठ केलेले शब्द खोटे असतात, असे आपण तरी कसे म्हणावे? अंत्यविधीची प्रार्थना धर्मगुरू ग्रंथातून वाचतात. आपल्या आजीने मयताच्या उशाशी म्हटलेली रोझरी तिने लहानपणी पाठ केलेली होती. ती पाठ होती म्हणूनच हुंदका आला तरी तुटली नाही.

याहून अवघड असा एक प्रसंग आहे, आणि त्यावर आमच्यापाशीही पूर्ण उत्तर नाही. मावशींच्या दारात सत्य आम्हांला ठाऊक होते. पण बचावपथकालाच ते ठाऊक नसेल तर? १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यात इर्शाळगडाच्या पोटाशी असलेल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वर जावयास गाडीरस्ता नव्हता. पाऊस, धुके आणि निसरडी पायवाट. २७ मृतदेह हाती लागले. चार दिवसांनी, नातेवाइकांशी बोलून, शोध थांबविण्यात आला, तेव्हा ५७ माणसांचा पत्ता नव्हता. महाडजवळच्या तळीये येथेही २०२१ च्या जुलैत असाच निर्णय घ्यावा लागला होता. शोध थांबविण्याची ही वेळ नैतिकदृष्ट्या भयंकर असते. खणत राहावे तर वरचा डोंगर पुन्हा सुटण्याची भीती, आणि आता जिवंत कोणी निघणार नाही हे जाणकारांना कळलेले. थांबावे तर, आणखी दोन हात खाली माझा बाप असेल, असे म्हणणारा मुलगा समोर उभा.

अमेरिकेतील पॉलीन बॉस यांनी व्हिएतनामच्या युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या कुटुंबांचा अभ्यास करून अशा दुःखाला स्वतंत्र नाव दिले: अनिश्चित वियोग. मृतदेह नाही, कबर नाही, म्हणून शोकाला आरंभही नाही. आपल्या किनाऱ्यावरील कोळीवाड्यांना हे परदेशी संशोधकांनी सांगावयास नको. २०१७ च्या ओखी वादळात केरळ आणि तमिळनाडूमधील आपले कितीतरी धर्मबंधू समुद्रातून परतले नाहीत. त्यांच्या घरच्यांना हाच प्रश्न पडला होता, की मृतांसाठीची मिस्सा सांगावी तरी कधी. अशा ठिकाणी पथकाच्या प्रमुखाने "मिळेल, मिळेल" असे म्हणत राहणे ही आमच्या दारातलीच चूक होय, आणि ती दररोज नव्याने केलेली. दुसरीकडे "आता काही नाही" हे शब्दही त्याने कोणत्या अधिकाराने उच्चारावे? आम्हांला दिसते ते एवढेच, की "आम्हांला माहीत नाही" हे वाक्य त्याला उच्चारता आले पाहिजे, काय काय केले आणि काय करता येत नाही ते त्याने नातेवाइकांना काठावर नेऊन दाखविले पाहिजे, आणि थांबण्याचा निर्णय त्यांना ध्वनिक्षेपकावरून कळता कामा नये. त्यांची संमती विचारणे योग्य की अयोग्य, याविषयी आमचे मन अजून ठरत नाही. विचारले नाही तर तो अन्याय. विचारले, तर आपल्याच माणसाचा शोध आपण थांबविला, हे ओझे जन्मभर त्यांच्या माथी. बहुधा निर्णय अधिकाऱ्याने स्वतःच्या शिरावर घ्यावा आणि तो सांगण्यापूर्वी त्यांचे सारे म्हणणे ऐकून घ्यावे, हे त्यातल्या त्यात बरे.

आणि ऐकणाऱ्याचे काय? इर्शाळवाडीकडे मदतीला निघालेला नवी मुंबई अग्निशमन दलाचा एक अधिकारी ती चढण चढतानाच हृदयविकाराने गेला. देहाचे असे मोल दिसते तरी. मनाचे दिसत नाही. दलाचे जवान काम संपले की आपल्या तळावर परततात. त्यांना सोबती असतात, वैद्यकीय व्यवस्था असते. पण माळीणला पहिल्या तासात फावडे घेऊन धावलेला शेजारच्या गावचा माणूस? तो त्याच खाचरात भात लावतो, त्याच रस्त्याने आहुप्याच्या गाडीत बसतो. त्याने जे हातांनी उचलले, ते तो कोणाला सांगणार? त्याला गणवेश नाही, म्हणून त्याला कोणी 'बचावकर्मी' मानत नाही, आणि त्याच्या घरचे कोणी गेले नसेल तर 'आपद्‌ग्रस्त'ही मानत नाही. सरकारच्या दोन्ही याद्यांतून तो सुटतो. ऑक्टोबर २०२२ पासून 'टेली-मानस' सेवेचा १४४१६ हा दूरध्वनी क्रमांक सुरू झाला आहे आणि त्यावर आपल्या भाषेत बोलता येते. ही सोय लहान नाही. परंतु असा माणूस आपण होऊन फोन फिरवील, असे आम्हांला वाटत नाही. त्याच्याकडे कोणीतरी जावे लागेल, आणि एकदा नव्हे. माळीणचे पुनर्वसन जवळच आमडे येथे होऊन २०१७ च्या एप्रिलमध्ये नवी घरे लोकांच्या हाती आली. जुन्या जागी मृतांचे स्मारक आहे, आणि ३० जुलैला लोक तेथे जमतात. आम्ही गेलो तो दिवस ३० जुलै नव्हता. स्मारकापाशी एक वयस्क गृहस्थ छत्री घेऊन उभे होते. त्यांनी आमच्यातील एकाला विचारले, "कुठून आलात?" आम्ही सांगितले. पुढे ते काही बोलले नाहीत, आम्हीही विचारले नाही. पाऊस उतरेपर्यंत सारे तसेच उभे होतो.

आमच्या सभेत अखेर अर्धा दिवस मंजूर झाला. त्या ज्येष्ठ गृहस्थांनी विरोधात हात वर केला, आणि वर्गाच्या दिवशी सर्वांच्या आधी येऊन ते पुढच्या बाकावर बसले. तरुणांना जोड्या करून एकमेकांना ते एक वाक्य सांगावयास लावले होते. खोटे नाव, खोटा प्रसंग. तरी दोघा-तिघांना ते पुरे करता आले नाही.

मावशी आता नाहीत. शेवटच्या आजारात त्यांनी आमच्याकडे एक काम सोपविले होते. त्या हवालदाराचा शोध घ्यावा आणि त्याला घरी जेवावयास बोलवावे. "त्याने माझ्या मुलाचे पूर्ण नाव घेतले होते," त्या म्हणाल्या. त्याचे स्वतःचे नाव त्या दिवशी आमच्यापैकी कोणीच विचारले नव्हते. आम्ही त्या ठाण्यावर दोनदा जाऊन आलो. मधे बरीच वर्षे लोटली होती. त्या वेळच्या बहुतेकांच्या बदल्या झाल्या होत्या, आणि वर्णनावरून कोणाला काही आठवेना.